बुधवार, अकरा वाजता

बुधवारी अकराला मी फोन उचलतो.
पलीकडे नॉर्वेचा मेजर ओड्वार,
त्याच्या घड्याळात नऊ.
"लाइन ठीक आहे?"
"ठीक आहे."
"काही घडलं?"
"तुमचे दोन रेनडिअर आमच्या बाजूला आलेत.
एकाच्या कानावर खूण, दुसरं पिल्लू."
"त्यांना कागदपत्रांची सवय नाही," तो म्हणतो.
पूर्वी इथे आम्ही दोघंही हसायचो.
आता हसण्याएवढी जागा मोकळी सोडून
पुढच्या वाक्यावर जातो.

मॉस्कोहून परिपत्रक आलंय.
पान तिसरं, परिच्छेद सात:
'शेजारी राष्ट्र' हा शब्द यापुढे वापरू नये,
त्या जागी 'अमित्र राष्ट्र' लिहावे.
मी, लेफ्टनंट कर्नल सावेली येरेमीन,
सेवा एकतीस वर्षं,
नवा शिक्का मागवला.
जुन्याची शाई अजून ओली आहे.

मी काही भाबडा नाही.
अकादमीत नकाशा शिकवायचा एक म्हातारा,
उजव्या हाताला बोटं तीन.
तो तळहात पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवायचा,
विचारायचा, "कुठे अडला?"
कुठेच अडायचा नाही.
ना डोंगर, ना कडा,
नुसती राईची शेतं, मग चिखल, मग बर्फ.
"म्हणून," तो म्हणायचा, "आपली तटबंदी म्हणजे अंतर."
माझ्या आजीने त्या अंतरात दोन भाऊ पुरले.
त्यामुळे कुणी आमच्या उंबऱ्याशी
रडारचा पांढरा घुमट आणून ठेवला
की मानेवरचे केस उभे राहतात,
आणि ते काही हुकमावरून उभे राहत नाहीत.

ओड्वारलाही आजी होती.
तिचं गाव जर्मनांनी जाळलं,
आमच्या सैन्याने सोडवलं.
दर ऑक्टोबरात त्या स्मारकाशी
आम्ही एकाच वेळी वाकायचो,
माझी टोपी एकदा वाऱ्याने त्याच्या पायाशी गेली.
आता ज्याची फुलं त्याने,
आपापल्या बाजूला.

एक गोष्ट मात्र अहवालात बसत नाही.
त्या फेब्रुवारीत आमची ब्रिगेड आगगाडीत चढली.
रणगाडे, फिरता भटारखाना,
बँडचे ढोलसुद्धा.
दक्षिणेला गेली.
परत आलेले मी मोजले,
फार वेळ लागला नाही.
बराकीत आता वाफेचे पाइप तेवढे खोकतात,
आणि सगळ्या कुंपणाला माझ्या हाताखाली अकरा पोरं,
त्यातला एक रातांधळा.

धोका पश्चिमेकडून. परिच्छेद एक ते चौदा.
मान्य.
मग ज्या दाराची एवढी धास्ती
ते सताड उघडं टाकून
कुणी दुसऱ्याच्या अंगणात भांडायला जातं?

हे मी एकदाच मोठ्याने म्हणालो,
भोजनगृहात, कोबीच्या सूपवर फुंकर घालताना.
टेबलावरचे चमचे थांबले.
मग मीच म्हणालो, सूप आळणी आहे.
सगळे म्हणाले, हो, आळणीच आहे.
कुणीतरी मीठ पुढे केलं.
मी ते घातलं,
आणि खारट सूप शेवटपर्यंत प्यालो.

शुक्रवारी रेनडिअर परत केले.
अमित्र राष्ट्राचे रेनडिअर, नग दोन,
प्रकृती उत्तम, सही, शिक्का.
पिल्लू बरोबर रेषेवर थबकलं,
पाय फाकवून निवांत मुतलं,
बर्फात पिवळं भोक पडलं,
अर्धं त्यांच्या हद्दीत.
ओड्वार माझ्याकडे पाहत होता.
मी फॉर्मकडे पाहत होतो.
पोरांपैकी एक जण फिस्सकन हसला,
त्याला मी दोन तास जादा पहारा दिला.

आज पुन्हा बुधवार.
"लाइन ठीक आहे?"
"ठीक आहे."
"काही घडलं?"
"नाही."
बोलणं संपलं तरी तो रिसीव्हर ठेवत नाही.
मीही ठेवत नाही.
तारेत खरखर, तिच्यामागे
कुणाच्या तरी किटलीची शिट्टी.
त्यांची की आमची, कळत नाही.